नऊने जातो का?

माणसाने कशाचा अभिमान बाळगावा याला काही धरबंध नसतो. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांना आपल्याला पोहता येत नाही याचा अभिमान आहे. मला गणित येत नाही याचा होता.

'होता' म्हणतो, कारण आता तो राहिलेला नाही. कसा गेला तेच सांगायचं आहे.

दहावीनंतर मी गणिताला जो नमस्कार केला तो केला. अकरावी कॉमर्सच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "गणित घेणार, की चिटणिसाची कार्यपद्धती?" त्याने 'गणित' शब्दातला 'त' पुरा करायच्या आत मी चिटणीस झालो होतो. पुढे बी.कॉम. झालो, सहकारी बँकेत चिकटलो, यथावकाश लग्न झालं आणि प्रत्येक मुंजीत, बारशात, हळदीकुंकवाला बायकोला सोडायला गेलो असतानासुद्धा, मी हे वाक्य टाकत आलो : "गणित सोडलं, काय अडलं माझं?" बँकेतला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर लोक अंमळ जास्तच हसत. मीही हसे.

एके संध्याकाळी आमची कन्या नववीच्या घटक चाचणीचा बीजगणिताचा पेपर घेऊन आली. वीसपैकी चार. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चारच होते. मी घसा खाकरून पित्याला शोभेलसं काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच अगदी शांतपणे म्हणाली,

"बाबा, काळजी करू नका. दहावीपर्यंतच रेटायचंय. मग मीपण सोडणार. तुमचं काय अडलं?"

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता परत गेली. बायको बोलते तेव्हा फारसं बिघडलेलं नसतं. ती न बोलता परत जाते तेव्हा खात्याला लाल शाई लागलेली असते. वीस वर्षं ज्या विनोदावर मी टाळ्या घेतल्या, तो आमच्या घरात वारसाहक्काने पुढच्या पिढीच्या नावे जमा होत होता.

"आण ते पुस्तक," मी म्हणालो.

"तुम्हांला येतं?"

"आण म्हटलं ना."

धडा होता बहुपदींचा, आणि त्यात पोरीची गाडी रुतली होती ती अवयव सिद्धांतापाशी. वाचकांपैकी ज्यांनी माझ्यासारखी चिटणिशी पत्करली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्यांना येतं त्यांनी तेवढ्यात चहा घ्यावा.

बहुपदी म्हणजे क्षचं एकत्र कुटुंब. उदाहरणार्थ, क्षचा घन, वजा ६ क्षवर्ग, अधिक ११ क्ष, वजा ६. यात घन हे आजोबा, वर्ग हे वडील, क्ष हा मुलगा, आणि शेवटचा वजा ६ हा कायमचा मुक्कामाला आलेला मामा. त्याला क्ष वगैरे काही नसतो. प्रश्न असा की, हे कुटुंब कोणाकोणाच्या गुणाकाराने झालं? म्हणजे याचे अवयव कोणते? 'क्ष वजा १' हा अवयव आहे का? 'क्ष वजा २' आहे का?

आता एक मार्ग म्हणजे भागाकार करून पाहणे. हा भागाकार पानभर चालतो, आणि आमच्या कन्येच्या हातून तो पुढच्या पानावरही गेला होता. अवयव सिद्धांत म्हणतो, एवढा उपद्व्याप कशाला? 'क्ष वजा १' अवयव आहे का हे पाहायचंय ना? मग क्षच्या खुर्चीवर १ला नेऊन बसवा. १ वजा ६ अधिक ११ वजा ६. किती झाले? शून्य. झालं तर. 'क्ष वजा १' घरचाच आहे. शून्य आलं नाही, तर जे काही आलं तीच भागाकाराची बाकी. पाहुण्याला चहा देऊन वाटेला लावा.

"पण असं का?" कन्येने विचारलं. मास्तरांनाही तिने विचारलं होतं म्हणे, पण तेवढ्यात तास संपला होता.

हा प्रश्न ऐकून मी जरा सावरून बसलो, कारण बाकीचा प्रश्न हा बँकेचा प्रश्न. एक कागद घेतला. "हे बघ, कोणताही भागाकार केला तरी शेवटी ताळा असा मांडतात : मूळ रक्कम बरोबर भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. इथे भाजक कोण? क्ष वजा १. आता क्षच्या जागी १ घाल. भाजकाचं काय झालं?"

"शून्य."

"मग त्याला गुणणारा भागाकार कितीही लांबलचक असो, त्याचं काय झालं?"

"तोपण शून्य." ती थांबली. "म्हणजे उरली फक्त बाकी!"

"आणि ती शून्य असली तर?"

"तर भाग पुरा गेला. म्हणजे अवयव!"

ती माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली की तशी ती चौथीनंतर पाहिली नव्हती. मी चेहरा शक्य तितका सहज ठेवला. वास्तविक हे मलाही त्याच क्षणी कळलं होतं, पण ते सांगायची काही गरज नव्हती.

मग गाडी सुटली. कोणत्या संख्या बसवून पाहायच्या? वाटेल त्या नाहीत. पहिल्या पदाचा सहगुणक १ असेल आणि बाकीचे पूर्णांक असतील, तर जे पूर्णांक लागू पडायचे ते शेवटच्या मामाच्याच नात्यातले असतात; म्हणजे ६ला निःशेष भागणारे. १, २, ३, ६ आणि त्यांचे उणे चुलतभाऊ. १ बसला. २ बसवला : ८ वजा २४ अधिक २२ वजा ६, शून्य. ३ बसवला : २७ वजा ५४ अधिक ३३ वजा ६, पुन्हा शून्य. तीन भाऊ सापडले, घन पुरा झाला.

फक्त एका जागी ती अडखळत होती. २ लागू पडला की अवयव 'क्ष अधिक २' असा लिहायची. वीसपैकी सहा मार्क या एका अधिकच्या चिन्हाने खाल्ले होते. मी म्हणालो, "खात्यात २ रुपये आहेत. खातं शून्य करायचं तर २ भरशील की उचलशील?" ती हसली आणि वजा केलं. त्यानंतर ती चूक तिने केलेली माझ्या पाहण्यात नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सल्ल्याने एखादं खातं इतकं झटपट सुधारल्याचं मला आठवत नाही.

पुस्तकात पुढेच एक सोपी खूण दिली होती : सगळ्या सहगुणकांची बेरीज शून्य आली, तर 'क्ष वजा १' हा अवयव असतोच. असणारच, क्षच्या जागी १ घातला की १चा घन काय नि वर्ग काय, सगळे एकच, उरते ती सहगुणकांची बेरीज. ही खूण वाचली आणि मला एकाएकी आमचे नऊकाका आठवले. का आठवले ते मला सांगता येईना. बेरीज, शून्य, एक, काहीतरी ओळखीचं वाटत होतं. रस्त्यात एखादा चेहरा दिसावा, नाव आठवू नये, तसं.

नऊकाका म्हणजे आमचे पहिले हेडक्लार्क. हे त्यांचं नाव अर्थातच नव्हे. मी २००२ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या तालुक्याच्या शाखेत संगणक यायचे होते. खतावण्या हाताने लिहायच्या, व्याज हाताने काढायचं, आणि महिनाअखेरीला सगळ्या खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. ती पहिल्या फटक्यात जुळली तर शिपाई पेढे मागायचा. शिपायाला पेढे क्वचितच मिळत.

फरक आला की सगळे हेडक्लार्कच्या टेबलाभोवती गोळा होत आणि ते चष्म्यावरून एकच प्रश्न विचारत : "नऊने जातो का?"

फरकाला ९ने भाग जात असेल तर कोणीतरी आकडे उलटेपालटे लिहिलेत, हा त्यांचा सिद्धांत. दोनने जात असेल, तर फरकाच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली असेल, हा दुसरा. पण पहिला त्यांचा लाडका. आम्ही पोरं मागे हसायचो. लग्नपत्रिका आली की कोणीतरी हळूच म्हणे, "काका, मुहूर्त नऊने जातो का?"

मी नोकरीत पक्का व्हायचो होतो. ३० सप्टेंबर, सहामाहीची अखेर. रात्रीचे साडेनऊ. फरक त्रेसष्ट रुपयांचा. मॅनेजरसाहेबांनी, ज्याच्या हातून हे झालं असेल त्याचा रिपोर्ट करीन, असं जाहीर केलं, आणि का कोण जाणे, ते जाहीर करताना माझ्याकडे पाहिलं. घरी वडील नुकतेच निवृत्त झालेले, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलेलं. त्रेसष्ट रुपयांकरता तेवढा घाम मला त्याआधी कधी फुटला नव्हता.

नऊकाकांनी विचारलं, "नऊने जातो का?"

"नऊ साते त्रेसष्ट," मी कसाबसा म्हणालो.

"सात. म्हणजे शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडलेत, आणि त्यांच्यात सातचा फरक आहे. एकम-दशकात सत्तर-सात, एक्क्याऐंशी-अठरा, किंवा ब्याण्णव-एकोणतीस. आणि शून्याशी माणूस सहसा चुकत नाही. पहा."

हजारभर खात्यांतून नेमकं काय शोधायचं ते त्यांनी तीन जोड्यांवर आणून ठेवलं होतं. दहा मिनिटांत सापडलं. एका म्हाताऱ्या बाईंनी १,८९२ रुपये भरले होते. खात्यावर १,८२९ लिहिले होते. अक्षर माझं होतं. काकांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वतः लाल शाईने दुरुस्ती करून आपली सही ठोकली आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, जुळलं. चुका काय, कोणाच्याही होतात." मग मला हळूच म्हणाले, "नऊला हसू नये."

ही गोष्ट मी कन्येला सांगत होतो ती खरं म्हणजे पुढचं उदाहरण लांबवण्यासाठी. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती कागदावर काहीतरी लिहीत होती.

"बाबा, १,८९२ म्हणजे एक हजार, आठ शंभर, नऊ दहा आणि दोन."

"बरं."

"दहाला क्ष म्हणा. म्हणजे क्षचा घन, अधिक ८ क्षवर्ग, अधिक ९ क्ष, अधिक २. ही बहुपदीच झाली! आणि १,८२९चं, क्षचा घन, अधिक ८ क्षवर्ग, अधिक २ क्ष, अधिक ९. आता वजा करते. ७ क्ष वजा ७."

मी गप्प.

"सहगुणकांची बेरीज शून्य! मग 'क्ष वजा १' अवयव असणारच. आणि क्ष म्हणजे दहा, तर क्ष वजा १ म्हणजे…" तिचा आवाज एकदम चढला. "नऊ! बाबा, नऊ!"

सौ. पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. तिला वाटलं, पोरीला मार्क मिळाले.

"आणि आकडे कसेही उलटेपालटे करा ना," कन्या सुटली होती, "आकडे तेच, म्हणून त्यांची बेरीज तीच, म्हणून वजाबाकीत शून्यच येणार. म्हणजे नऊने जायलाच हवं. नेहमी!"

मी मुद्दाम १,८२९ पार उलटा केला. ९,२८१. फरक ७,४५२. नऊने भागले. ८२८, बाकी शून्य.

वाचकहो, तेव्हा पोळी करपली. पण घरात कोणी काही बोललं नाही. जी युक्ती मी आजवर नोकरीत वापरली, जिने माझी नोकरी वाचवली, ती म्हणजे ज्या गणिताला मी नमस्कार करून आलो होतो तेच गणित, बँकेचा गणवेश घालून माझ्याच टेबलाशी बसलेलं. आणि ते ओळखलं कोणी, तर वीसपैकी चार मिळवणाऱ्या मुलीने.

पुढच्या रविवारी तिला घेऊन नऊकाकांकडे गेलो. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात; काका भास्कराचार्यांना लागले होते. कन्येने त्यांना सगळं मांडून दाखवलं. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, दोनदा वाचला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ते शेवटी म्हणाले. "मला माझ्या हेडक्लार्कनी सांगितलं होतं. त्यांना त्यांच्या. का, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही." मग माझ्याकडे वळून, "हिने विचारलं बघ."

मी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

मग काकांनी तिची परीक्षा घेतली. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या बीजगणितातलं कोडं : एक संख्या अशी, की तिच्या बारापटीत तिचा घन मिळवला तर येईल तेवढेच तिच्या वर्गाच्या सहापटीत पस्तीस मिळवून येतात. आचार्यांनी सोडवणाऱ्याला विद्वान म्हणून हाकही मारली आहे. आमच्या शाखेची त्यांना कल्पना नसावी. कन्येने सगळं एका बाजूला घेतलं : घन, वजा ६ वर्ग, अधिक १२ क्ष, वजा ३५. मग पस्तीसच्या नात्यातले, १, ५, ७, ३५, ओळीने उभे केले. १ नापास झाला. ५ बसवला : १२५ वजा १५० अधिक ६० वजा ३५. शून्य.

"पाच!"

"शाब्बास. आचार्यांनी वेगळं केलं. दोन्हीकडून आठ आणि सहा वर्ग वजा केले. डावीकडे क्ष वजा २चा पुरा घन झाला, उजवीकडे उरले सत्तावीस. तिनाचा घन. म्हणजे क्ष वजा २ बरोबर तीन. तुझे पाच आले."

"आजोबा, पण घन आहे, तर आणखी दोन अवयव हवेत ना?" तिने भागाकार करून पाहिला. उरला क्षवर्ग वजा क्ष अधिक ७. काही केल्या फुटेना.

"ते दोघे बेनामी खातेदार," काका म्हणाले. "आपल्या नेहमीच्या संख्यांत त्यांचा पत्ता लागायचा नाही. पुढच्या वर्गात भेटतील. तोवर गणित सोडू नकोस म्हणजे झालं."

निघताना त्यांनी सांगितलं की, चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याची नोंद त्यात आहे. आजोबांचं गणित पुढे चालावं म्हणून नातू मठ काढतो, आणि मी मुलीला वारसा काय देत होतो, तर 'काय अडलं माझं' हे वाक्य!

नंतर वाचनालयात पाहिलं, तर हा अवयवांचा नियम देकार्त नावाच्या फ्रेंच पंडिताने १६३७ साली आपल्या भूमितीच्या पुस्तकात छापला. बीजगणिताची नोंद भूमितीत! आमच्याकडे असता तर चुकीच्या खात्यावर पोस्टिंग केल्याबद्दल मेमो मिळाला असता.

पुढच्या चाचणीत कन्येला वीसपैकी तेरा पडले. आभाळाला हात टेकले असं नव्हे. पण अकरावीला काय घेणार, या प्रश्नावर ती आता "बघू" म्हणते. आमच्या घरात 'बघू' म्हणजे निम्मा होकार असतो. मीही मुंजी-बारशातलं ते वाक्य टाकणं बंद केलं आहे. लोक विचारतात, आताशा तुम्ही गप्प का असता?

परवा रात्री सौ. महिन्याचा हिशेब घेऊन बसली. नव्वद रुपयांचा फरक येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राआड गेलो.

"आई, नव्वद?" कन्या म्हणाली. "मग नऊने जातात. नऊ दाहे नव्वद. बाबांनी लिहिताना कुठेतरी आकडे उलटे केले असणार. सिद्धांत आहे."

सौ. 'हं' म्हणाली आणि वही घेऊन आत गेली.

कन्या माझ्याजवळ येऊन बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, आकडे उलटे झाले तर फरक नऊने जातो, हे पक्कं. पण फरक नऊने गेला म्हणजे आकडे उलटेच झाले असतील, असं काही नाही. उलटं विधान खरं असेलच असं नसतं."

"हो का?" मी म्हणालो.

"हो. शर्टाच्या खिशाला मिसळीची तर्री लागलीय. आधी तो भिजत घाला."